सही खरी आहे, एवढंच

मुंबई महापालिकेच्या लेखी डिलाईल रोड नावाचा रस्ताच नाही. सात रस्त्याकडून लोअर परळला येणारा तो रस्ता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. टपाल खात्याला मात्र हे पटलेलं दिसत नाही, कारण ४०००१३ या पिन कोडच्या पोस्टाचं नाव अजून डिलाईल रोडच आहे. त्यामुळे इथल्या एकाच घरात रेशनकार्डावर एक रस्ता, लाईट बिलावर दुसरा, आणि आजोबांच्या एखाद्या पिवळ्या पडलेल्या कागदावर नुसतंच ‘बी.डी.डी. चाळ, लोअर परळ, बॉम्बे’ असं सापडू शकतं. पोस्टमनला तिन्ही पत्ते एकच आहेत हे पाठ असतं. घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

पण याच घरातली मुलगी म्युनिकला, मँचेस्टरला किंवा बॉस्टनला शिकायला निघाली, की तिचे कागद जाऊन पडतात अशा माणसापुढे, ज्यानं करी रोड पाहिलेला नाही, गणेश गल्ली पाहिलेली नाही, आणि जो तिला आयुष्यात भेटणार नाही. त्याच्यासाठी हे तीन वेगळे पत्ते आहेत. तीन वेगळ्या मुलीही असू शकतात. आता या अनोळखी माणसाला पटवायचं, की ही एकच आहे, हे गुण तिचेच आहेत, हे पैसे खरे आहेत. मध्ये समुद्र आहे आणि हातात फक्त कागद. परदेशी प्रवेशाची फाईल ही एवढ्यासाठीच असते. कटकट म्हणून तिच्याकडे पाहिलं तर ती संपता संपत नाही. जरा थांबून नीट पाहिलं, तर माणसांनी उभी केलेली एक थक्क करणारी यंत्रणा दिसते.

खरं तर या विषयात डिलाईल रोडला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. गिरणगावाइतका कागदात मुरलेला मुलूख मुंबईत क्वचितच असेल. म्हाडाच्या घरासाठी गिरणी कामगाराला सिद्ध करावं लागलं की १ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे गिरणी संप सुरू व्हायच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, तो गिरणीच्या पटावर होता. गिरणी जमीनदोस्त, तिचं ऑफिस नाहीसं, टाईमकीपर गावी जाऊन वारलेला. मग ट्रंका उघडल्या गेल्या. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, पी.एफ.चा आणि ई.एस.आय.सी.चा नंबर. ज्यानं तो चिठोरा जपला, त्याचा अर्ज उभा राहिला. पाठोपाठ बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास आला आणि घराघरात ‘पात्रता’ हा शब्द रुळला. खोली कुणाच्या नावावर, ट्रान्सफर कधी झाली, भाडेपावती सलग आहे का. ज्या आजीनं हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं, तिला ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणजे काय हे कन्सल्टन्सीवाल्यानं सांगायची गरज नाही.

आणि ज्यांचं नाव या रस्त्याला आहे, त्या नारायण मल्हार जोशींनाही हाच प्रश्न भेटला होता. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, तिथे ते हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पण त्यांना कामगारांनी निवडलं नव्हतं, सरकारनं नेमलं होतं, कारण कामगारांच्या वतीनं नाव सुचवील अशी देशव्यापी संघटनाच नव्हती. अशा परिषदेत प्रतिनिधीचं अधिकारपत्र तपासलं जातं. तुम्ही कुणाचे, आणि तसं म्हणणारं कोण? पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली, आणि तिच्या स्थापनेमागच्या कारणांत हेही एक होतं.

तर मुलीची फाईल. सुरुवात नावापासून होते आणि बरेच जण तिथेच अडतात.

मराठी नावाला तीन पाय असतात : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर मधला पाय बदलतो आणि बहुधा तिसराही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं. पासपोर्टमध्ये मात्र दोनच कप्पे आहेत, आडनावाचा आणि बाकी सगळ्याचा. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं नवा क्रम ठरवला आहे : मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण ही मुलं परदेशी विद्यापीठांचे फॉर्म भरायला बसतील तेव्हा ‘मिडल नेम’च्या इवल्याशा चौकटीत आई आणि बाबा दोघांना बसवताना त्यांची जी तारांबळ उडेल, ती बघायला मजा येईल. आणि ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा कप्पा रिकामाच आहे, त्यांना अमेरिकेचा व्हिसा एक नवं नाव बहाल करतो. सगळं नाव आडनावाच्या जागी सरकतं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’ अशी अक्षरं येतात. पहिलं नाव अज्ञात.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, त्या कुणी वाचत नाही. प्रत्येकीत बरोबर ४४ खुणा, इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि रिकामी जागा भरायला कोनासारखी एक खूण. त्या ओळी माणसासाठी नाहीत, यंत्रासाठी आहेत, आणि त्यांत एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. जन्मतारखेनंतर एक जादा आकडा असतो. तो जन्मतारखेचा भाग नव्हे, तिचा राखणदार आहे. समजा, जन्म १७ ऑगस्ट २००५ चा. यंत्र वर्ष आधी लिहितं : ०५०८१७. आता या सहा आकड्यांना ओळीनं ७, ३, १, ७, ३, १ नं गुणायचं. शून्य, पंधरा, शून्य, छप्पन्न, तीन, सात. बेरीज ८१. शेवटचा अंक १. तोच राखणदार. कुणी तारखेतला एखादा आकडा खोडून बदलला, किंवा टाईप करताना चुकला, तर बहुतेक वेळा हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र तिथल्या तिथे अडतं. पासपोर्ट नंबरालाही असाच राखणदार असतो. त्यात अक्षरं आली तर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं झेडच्या ३५ पर्यंत मोजायचं. जगातल्या कुठल्याही विमानतळावर हेच सात-तीन-एक चालतं. घरातला पासपोर्ट काढून गुणाकार करून बघा. पहिल्यांदा जुळतं तेव्हा अंगावर शहारा येतो.

नावानंतर गुण. इथे प्रत्येक देश आपापली फूटपट्टी घेऊन उभा आहे. आपल्याकडे जास्त ते चांगलं. जर्मनीत १ सर्वांत उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपल्या दहापैकी ८.२ चं तिकडे काय होणार? त्यासाठी बव्हेरियाच्या नावानं ओळखलं जाणारं एक सूत्र आहे. जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि पास यांमधल्या अंतरानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. कमाल १०, पासची रेषा ४ धरली तर १.८ भागिले ६, म्हणजे ०.३, त्याची तिप्पट ०.९, अधिक एक. आपला ८.२ तिकडे १.९ होतो. या सूत्राची खुबी कशात आहे पाहा. तुम्ही किती हुशार, हे ते विचारतच नाही. तुमच्या व्यवस्थेत माथा कुठे आणि पायथा कुठे, आणि तुम्ही त्या चढणीवर कुठे उभ्या, एवढंच विचारतं. मुंबईत ७० टक्के पडायला किती घाम गाळावा लागतो आणि दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात किती, हे मात्र त्याला कळत नाही. तेवढा अन्याय त्यात राहतोच.

हे गुण पोचवायचे कसे? कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करायचा. मार्कशीट तर घरी आहेच, तरी विद्यापीठानं पुन्हा सगळ्या सत्रांचे गुण आपल्या लेटरहेडवर द्यायचे, पाकिटात घालायचे, आणि पाकीट जिथे चिकटतं त्या घडीवर शिक्का मारायचा. ते पाकीट मुलीनं उघडायचं नाही. तिचेच गुण, तिनंच मिळवलेले, आणि तिनंच हात लावला की त्यांची किंमत गेली! पहिल्यांदा हे ऐकून राग येतो. पण त्यामागचा विचार पक्का आहे : ज्याला फायदा व्हायचा, त्याच्या हातून पुरावा जाता कामा नये. आता अनेक ठिकाणी हेच पाकीट ऑनलाईन झालंय, विद्यापीठाच्या सर्व्हरवरून थेट तिकडच्या सर्व्हरवर जातं. शिक्का गेला, तत्त्व तेच.

शिफारसपत्राचंही असंच. प्राध्यापकांनी ते स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवरून पाठवायचं. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःबद्दलची कागदपत्रं पाहायचा हक्क आहे, आणि अर्ज भरताना तिथली विद्यापीठं विचारतात की तुमच्या शिफारसपत्रापुरता तो हक्क तुम्ही सोडताय का? बहुतेक जण सोडतात, कारण जे पत्र विद्यार्थ्याला वाचता येत नाही त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त. आपल्याकडे बरेच सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात, त्यावर न बोललेलं बरं.

मग पैसा. इथे कागदाची भाषा आणखी चमत्कारिक होते, कारण तुमच्याकडे पैसे आहेत एवढं पुरत नाही, ते किती दिवसांपासून आहेत हे दाखवावं लागतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहिली पाहिजे. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. नातेवाइकांकडून दोन दिवसांसाठी उसने घेऊन दाखवलेले पैसे ओळखायची ही साधी युक्ती. जर्मनीचं आणखी सरळ : वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात टाका, तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ सुटतील. पैसे तुमचेच, किल्ली त्यांच्याकडे.

आणि हे पैसे बी.डी.डी.च्या खोलीत येणार कुठून, तर कर्जातून. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही. परदेशातला खर्च त्यात क्वचितच बसतो, आणि त्यापुढे, निवडक नामवंत विद्यापीठं सोडली तर, बँकेला घर किंवा ठेव तारण हवी असते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेली ती १६० चौरस फुटांची खोली सरकारी मालकीची. तीन पिढ्या तिच्यात जन्मल्या, वाढल्या, तिथून लग्नं होऊन गेल्या. पण राहणारा भाडेकरूच, आणि भाडेकरूला खोली गहाण ठेवता येत नाही. पलीकडच्या फुटपाथवर, अपोलो मिलच्या जागेवर उभ्या टॉवरात राहणाऱ्याचा फ्लॅट बँकेला लगेच चालतो. अंतर एका रस्त्याचं, पण बँकेच्या फॉर्ममध्ये ते फारच मोठं. पुनर्विकासातलं ५०० चौरस फुटांचं घर मालकीचं असेल, आणि त्या दिवशी या चाळीतल्या मुलांच्या फाईलमध्ये एक नवा कागद येईल.

छातीचा एक्स-रे पटकन सांगून टाकतो. सहा महिन्यांहून जास्त काळ ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला क्षय नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांनी नेमलेल्या दवाखान्याचंच, आणि ते सहा महिने चालतं. गिरणीतल्या कापसाच्या धुरळ्यात आणि दाटीच्या खोल्यांत ज्या भागानं क्षय जवळून पाहिला, ज्याला शिवडीचं क्षय रुग्णालय नावानं माहीत आहे, तिथल्या मुलीची फुप्फुसंही शेवटी एक दस्तऐवज होतात.

अमेरिकेच्या कागदांचा इतिहास मात्र थोडा थांबून ऐकण्यासारखा आहे. तिथलं विद्यापीठ प्रवेश दिल्यावर आय-२० नावाचा फॉर्म धाडतं आणि त्यावर एन अक्षरानं सुरू होणारा एक नंबर असतो. तो नंबर सेव्हिस या संगणकीय नोंदवहीतला. मुलगी वर्गात आहे की नाही, पत्ता बदलला का, विषय बदलला का, सगळं त्या नंबराखाली नोंदलं जातं. ही व्यवस्था सगळ्यांना सक्तीची झाली २००३ मध्ये. आधीची कशी होती, ते एका प्रसंगावरून कळतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले होते, त्या दिवशी, म्हणजे ११ मार्च २००२ रोजी, फ्लोरिडातल्या एका विमान प्रशिक्षण शाळेत टपाल आलं. त्यात मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही या दोन अपहरणकर्त्यांना विद्यार्थी व्हिसाचा दर्जा मंजूर झाल्याची कागदपत्रं होती. माणसं मेली, हजारोंना मारून मेली, सगळ्या जगानं त्यांची नावं ऐकली, आणि कागद आपल्या संथ गतीनं टेबलामागून टेबल पार करत ठरल्या पत्त्यावर पोचला.

या सगळ्याआधी काय होतं? आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत चढल्या तेव्हा ना व्हिसा होता, ना ट्रान्सक्रिप्ट, ना बँकेचं पत्र. अमेरिकेत पोचून न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं, २८ जून १८८३ ला. मार्कशीट जोडायचा प्रश्नच नव्हता. आपण कोण, का शिकायचंय, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि कॉलेजनं ते मानलं. आज ज्याला एस.ओ.पी. म्हणतात आणि ज्याच्यासाठी कोचिंग लागतं, ते त्या एका पत्रात आहे. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात ते अजून जपून ठेवलेलं आहे. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या.

डिलाईल रोडच्या अगदी हाकेच्या अंतरावरचं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. लोअर परळच्या डबक चाळीतली एक खोली, मग परळची बी.आय.टी. चाळ. त्यांच्या आयुष्यातल्या नोंदवह्या एकापुढे एक ठेवल्या, तर आजच्या फाईलची सगळी अंगं त्यांत सापडतात. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर असं नाव चढलं, क्रमांक १९१४. आंबडवे गावावरून आलेलं आडनाव मागे राहिलं आणि रजिस्टरातलं पुढे कायम झालं. पैशाचा पुरावा म्हणजे बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ४ जून १९१३ ला त्यांनी करारावर सही केली, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन. आज याला बाँड म्हणतात. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. पहिलं महायुद्ध व्हायचं होतं, पासपोर्टशिवाय माणूस खुशाल समुद्र ओलांडत होता. पुढे कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापकांना त्यांची शिफारस केली. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली, अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, तेव्हा लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करायची मुभा दिली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. एक अट मात्र सगळ्यांत चिवट निघाली. कोलंबियात पीएच.डी.साठी प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा कराव्या लागत. प्रबंधाचं काम १९१६ मध्येच झालं होतं, पुस्तक छापून निघालं १९२५ मध्ये, आणि पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये. ज्यांची विद्वत्ता जगानं केव्हाच ओळखली होती, त्यांना कागदानं अकरा वर्षं ताटकळत ठेवलं.

१८८३ आणि १९१३ मध्ये साक्ष देणारा कुणीतरी ओळखीचा माणूस होता : कार्पेंटरबाई, महाराज, प्राध्यापक. आज दरवर्षी लाखो मुलं जातात, इतक्या ओळखी आणायच्या कुठून? म्हणून ओळखीच्या माणसाची जागा शिक्क्यानं घेतली. आणि शिक्का आला की एक जुना पेच आला.

गिरणगावात हा पेच सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लीत एक एस.ई.ओ. असायचे, विशेष कार्यकारी अधिकारी, बहुधा कुठल्यातरी पक्षाचे कार्यकर्ते. संध्याकाळी त्यांच्या दारात झेरॉक्सच्या प्रती घेऊन पोरं उभी. ‘खरी प्रत’ असा गोल शिक्का, खाली सही. एस.ई.ओ. खरे आहेत हे गल्लीला माहीत. पण वरळीला? दिल्लीला? रोमला? सही खरी आहे हे सांगायला दुसरी सही लागते. दुसरीसाठी तिसरी. कॉलेज, विद्यापीठ, मंत्रालय, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, तिकडच्या देशाची वकिलात, तिकडचं परराष्ट्र खातं. प्रत्येकानं फक्त मागच्याची सही ओळखायची. आणि शेवटच्या सहीला कोण ओळखणार, हा प्रश्न तरीही उरतोच. वरवर पाहता याला अंत नाही.

अंत आहे, आणि तो ठरवून आणलेला आहे. ५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये एक करार झाला, त्यातून अपोस्टिल नावाचा दाखला निघाला. करारातच त्याचा नमुना आहे : चौरस, प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर. वर शीर्षक फ्रेंचमध्येच पाहिजे, बाकीचा मजकूर दाखला देणाऱ्या कचेरीच्या अधिकृत भाषेत चालेल. आत दहा क्रमांक. देश कोणता, सही कुणाची, कुठल्या हुद्द्यानं केली, शिक्का कुणाचा. मग प्रमाणित कुठे केलं, कधी, कुणी, नंबर किती, शिक्का, सही. भारत या करारात आला तो २००५ मध्ये, १४ जुलैपासून.

अपोस्टिलमध्ये एक शब्दही असा नाही की ही मुलगी हुशार आहे, किंवा मार्कशीटवरचे गुण बरोबर आहेत. मजकुराबद्दल तो संपूर्ण मौन पाळतो. सही खरी आहे, सही करणारा त्या हुद्द्यावर होता, शिक्का त्याच कचेरीचा आहे, एवढंच. तो इतकं थोडं म्हणतो म्हणूनच शंभराहून जास्त देशांना तो मान्य करता आला. गुणांच्या खरेपणावर देशांचं एकमत कधीच झालं नसतं. सहीच्या खरेपणावर झालं.

आणि न संपणाऱ्या त्या साखळीचं काय? करारातलं पाचवं कलम ते एका वाक्यात सोडवतं. अपोस्टिलवर जी सही आणि जो शिक्का आहे, त्याला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही. बस. इथून पुढे विचारायचं नाही, असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलं. तत्त्वज्ञांनी ज्यावर शतकं घालवली, तो प्रश्न राजनैतिक अधिकाऱ्यांनी जेवणाआधी मिटवला असावा, असं मला उगाच वाटतं. पण ते भोळे नव्हते. सातव्या कलमात पुढची तजवीज आहे : अपोस्टिल देणाऱ्या प्रत्येक कचेरीनं नोंदवही ठेवायची, तिच्यात नंबर, तारीख आणि मूळ सही करणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि ज्याचा संबंध असेल अशा कुणीही विचारलं तर ताडून सांगायचं. म्हणजे रोममधल्या कारकुनाला शंका आली तर त्यानं वर, आणखी मोठ्या सहीकडे जायचं नाही. मागे, एका वहीकडे यायचं.

कुठल्या देशाला काय लागतं याचा नकाशा मात्र वेडावाकडा आहे. अमेरिका-ब्रिटनची बहुतेक विद्यापीठं अपोस्टिल मागतच नाहीत, त्यांना कलिन्याहून थेट आलेलं पाकीट पुरतं. इटली, स्पेनला तो लागतो. कॅनडा करारात आला आत्ता, ११ जानेवारी २०२४ पासून. दुबईला अजून जुनी वकिलातीची वाट. सगळ्यांत खट जर्मनी : भारताच्या प्रवेशावरच त्यांनी हरकत घेतली, त्यामुळे आपला अपोस्टिल तिथे चालत नाही. त्याऐवजी नोव्हेंबर २०२२ पासून दिल्लीच्या ए.पी.एस. केंद्राकडून शैक्षणिक कागद तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यांना सही खरी असून भागत नाही, मजकूरही बघायचा असतो. स्वभाव म्हणायचा.

शेवटी व्हिसाचं केंद्र. वकिलातीच्या दारात पहाटेपासून लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवत असेल. अर्ज घेणं, कागद लावणं ही कामं वकिलातीनं बाहेर सोपवावीत आणि निर्णय तेवढा स्वतःकडे ठेवावा, ही कल्पना २००१ साली मुंबईत धंद्यात उतरली. व्ही.एफ.एस. ही ती कंपनी, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं अमेरिकेची वकिलात. आज नैरोबीतला किंवा मनिलातला मुलगाही ज्या खिडकीत फाईल सरकवतो, ती पद्धत आपल्या शहरात जन्मली. रांगेला कंटाळण्यात मुंबईकराचा हात कोण धरणार!

आता एक सूचना, आणि ही विशेषतः आई-वडिलांसाठी. दहावीचं सर्टिफिकेट आलं की आपण धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि ते लॅमिनेट करून आणतो. पाऊस, वाळवी, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, भावाच्या हातातला चहा, सगळ्यांपासून सुटका. पण मंत्रालयाचा शिक्का आणि हेगचा तो चौरस प्रत्यक्ष कागदावर, बहुधा मागच्या बाजूला, लागावा लागतो. प्लास्टिकवर तो लावत नाहीत. मग लॅमिनेशन सोलून देणारा माणूस शोधत फिरायचं, आणि तो ‘शाई निघाली तर माझी जबाबदारी नाही’ असं आधीच सांगून ठेवतो. तेव्हा ओरिजिनल कागद साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. लॅमिनेट करायचंच असेल तर झेरॉक्स करा.